ए-लेव्हल बिझनेस: इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी मुलांसाठी आणि आईबाबांसाठी

दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस आमच्या कॉलेजात प्रवेशाचे दिवस असतात. हॉलमध्ये विषयवार टेबलं मांडलेली असतात आणि मी बिझनेसच्या टेबलापाशी बसते. पश्चिम लंडनच्या या भागात आता मराठी घरं बरीच झाली आहेत. फॉर्मवरचं आडनाव बघून मी मराठीत बोलायला लागले की समोरच्या बाबांचा चेहरा सैलावतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, हे म्हणजे आपलं अकरावी-बारावी कॉमर्सच ना?”

नाही. हा गैरसमज पहिल्याच दिवशी गेला तर पुढची दोन वर्षं खूप सोपी जातात, म्हणून हा लेख लिहिते आहे. ए-लेव्हल म्हणजे इथल्या सोळा ते अठरा वयातल्या दोन वर्षांचा, एकेका विषयाचा अभ्यासक्रम. लेखातलं सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्येही ए-लेव्हल असतात, पण बोर्डं आणि तपशील वेगळे. स्कॉटलंडची हायरची पद्धत तर पूर्ण निराळी आहे.

आपल्याकडे कॉमर्स ही शाखा आहे. बीके, ओसी, एसपी, इको असे विषय एकत्र येतात. इथे शाखा नसतात. इयर १२ आणि १३ या दोन वर्षांना मिळून सिक्स्थ फॉर्म म्हणतात, आणि मूल साधारण तीन विषय निवडतं. बिझनेस हा त्यातला एक. त्याच्या जोडीला केमिस्ट्री घ्या, भूगोल घ्या, चित्रकला घ्या, कुणी अडवत नाही. आणि या विषयात जर्नल एंट्री नाही, डेबिट-क्रेडिट नाही, खतावणी नाही. ते ज्याला आवडतं त्याच्यासाठी अकाउंटिंग हा वेगळा ए-लेव्हल आहे, पण तो मोजक्याच कॉलेजांत मिळतो.

मग बिझनेसमध्ये असतं काय? एखादी कंपनी समोर ठेवतात. तिची विक्री, कर्ज, कामगार, स्पर्धक यांची माहिती देतात आणि विचारतात: हिने आता काय करावं? उत्तराला एकच बरोबर बाजू नसते. तुम्ही बाजू घ्यायची आणि दिलेल्या माहितीच्या जोरावर ती लढवायची. दहावीला ९२ टक्के मिळवून आलेली मुलं इथे पहिल्या सहा महिन्यांत अडखळताना मी दर वर्षी पाहते. अडतं ते इथेच. पाठ सगळं असतं, पण निर्णय घ्यायची सवय नसते.

पहिली पायरी: हा विषय घ्यायचा का, हे ठरवा

“सोपा आहे म्हणून” घेऊ नका. वाचायला सोपा आहे, पण वरची ग्रेड मिळवायला अवघड आहे. ज्याला पेपरात एखादं दुकान बंद पडल्याची बातमी वाचून “का बरं बंद पडलं?” असा प्रश्न पडतो, त्याने जरूर घ्यावा. ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्याने दोनदा विचार करावा, कारण शेवटी हे सगळं पानंच्या पानं लिहून दाखवायचं असतं.

इकॉनॉमिक्स की बिझनेस, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. इकॉनॉमिक्स बाजार आणि देश यांच्याकडे बघतं: महागाई, व्याजदर, बेरोजगारी. बिझनेस एका कंपनीच्या टेबलाशी बसून विचार करतं: व्याजदर वाढले, आता आपण नवं दुकान उघडायचं की थांबायचं? दोन्हींत काही भाग सारखा आहे, म्हणून काही कॉलेजं दोन्ही एकत्र घेऊ देत नाहीत. आधी विचारून घ्या.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, ती मी टेबलापाशी बसूनही सांगते. विद्यापीठात बिझनेस किंवा मॅनेजमेंट शिकायला ए-लेव्हल बिझनेस लागतोच असं नाही. आणि मोठ्या विद्यापीठांत इकॉनॉमिक्स शिकायचं असेल तर ते ए-लेव्हल गणित मागतात, तिथे बिझनेस गणिताची जागा घेत नाही. मुलाचं गणित चांगलं असेल तर बिझनेसच्या जोडीला गणित ठेवा. तिसरा विषय त्याच्या आवडीचा असू द्या. सगळे विषय “उपयोगाचे” घेऊन कंटाळलेली मुलं इयर १३ च्या जानेवारीत कशी कोमेजतात, ते मी पाहिलं आहे.

आणखी दोन रस्ते आहेत. टी-लेव्हल हा एकच अभ्यासक्रम तीन ए-लेव्हलच्या बरोबरीचा असतो आणि त्यात किमान ३१५ तास, म्हणजे साधारण ४५ दिवस, प्रत्यक्ष कामाच्या जागी जावं लागतं. बीटेकमध्ये (BTEC; आपली इंजिनिअरिंगची बी.टेक. पदवी नव्हे) वर्षभर असाइनमेंट असतात, सगळा भार शेवटच्या परीक्षेवर नसतो. सरकार या अभ्यासक्रमांची रचना बदलतं आहे, तेव्हा तुमच्या मुलाच्या वर्षाला नेमकं काय मिळणार हे कॉलेजातच विचारा. आपल्याकडे या दोन्हींना “कमी हुशार मुलांसाठी” असं लेबल लावायची घाई होते. कृपा करून लावू नका.

दुसरी पायरी: प्रवेश

अर्ज इयर ११ मध्येच, थंडीत करायचा असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओपन इव्हिनिंग असतात, त्यांना जाच. एकापेक्षा जास्त ठिकाणी अर्ज करता येतो. जागा मिळते ती अटीवर: जीसीएसईला, म्हणजे इयर ११ च्या अखेरच्या परीक्षेला, अमुक ग्रेड आल्या तर. या ग्रेड १ ते ९ असतात, ९ सर्वांत वरची. बिझनेससाठी बहुतेक ठिकाणी पाच विषयांत किमान ४ किंवा ५ ग्रेड आणि त्यात इंग्रजी आणि गणित चांगलं, अशी मागणी असते. जीसीएसईला बिझनेस घेतलेला नसला तरी सहसा चालतं. वर्गात निम्मी मुलं कोरी पाटी घेऊनच येतात.

भारतातून दहावी करून थेट इयर १२ मध्ये येणाऱ्या मुलांनी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आणि ई-व्हिसाचा शेअर कोड तयार ठेवावा. इयर १२ मध्ये येणाऱ्या मुलाची १६ वर्षं ३१ ऑगस्टपर्यंत पूर्ण झालेली असतात. दहावीचे गुण कसे धरायचे हे प्रत्येक कॉलेज ठरवतं. बहुतेक ठिकाणी स्वतःची छोटी इंग्रजी-गणिताची चाचणी घेतात. ज्यांच्याकडे जीसीएसईची इंग्रजी आणि गणिताची ग्रेड ४ किंवा तिच्या तोडीचं काही नाही, त्यांना ते विषय ए-लेव्हलच्या बरोबरीने पुन्हा शिकावे लागतात. हे ऐकून मुलं हिरमुसतात. पण आठवड्याचे ते दोन-तीन तास वाया जात नाहीत. बिझनेसच्या उताऱ्यातलं इंग्रजी त्यानेच सुधारतं.

सरकारी शाळेच्या सिक्स्थ फॉर्मला किंवा सिक्स्थ फॉर्म कॉलेजला फी नसते. प्रवास आणि पुस्तकांचा भार पेलत नसेल तर १६ ते १९ वयाच्या मुलांसाठी बर्सरी फंड असतो. तुम्ही पात्र आहात का हे विद्यार्थी कार्यालयात विचारा. विचारायला लाजू नका, ही मदत त्यासाठीच ठेवलेली आहे.

तिसरी पायरी: आपलं बोर्ड कोणतं, हे पहिल्या आठवड्यात माहीत करून घ्या

इथे एकच बोर्ड नसतं. एक्यूए, पीअरसन एडेक्सेल, ओसीआर, एड्यूकास अशी वेगवेगळी परीक्षा मंडळं आहेत आणि कॉलेज त्यातलं एक निवडतं. शेजारच्या मुलाच्या नोट्स आणल्या आणि त्याचं बोर्ड दुसरंच निघालं, असं दर वर्षी कुणाचं तरी होतं.

एक्यूएचे तीन पेपर, प्रत्येक दोन तासांचा, १०० गुणांचा. पहिल्यात बहुपर्यायी प्रश्न, छोटे प्रश्न आणि २५-२५ गुणांचे दोन निबंध. दुसऱ्यात तीन उतारे आणि त्यांवरचे प्रश्न. तिसऱ्यात एकच मोठी केस. एडेक्सेलचेही तीन पेपर, दोन-दोन तासांचे. त्यातला तिसरा वेगळा आहे: परीक्षेच्या काही महिने आधी बोर्ड एखादा उद्योग जाहीर करतं आणि पेपर त्या उद्योगावर येतो. त्या उद्योगातल्या कंपन्या, भाव, ग्राहक, कायदे यांचा शोध मुलांनी आधीच घ्यायचा, पण नोट्स परीक्षेत नेता येत नाहीत. दोन्हींत प्रोजेक्टचे गुण नाहीत. जे काय आहे ते इयर १३ च्या उन्हाळ्यात, लेखी.

बोर्डाच्या संकेतस्थळावरून स्पेसिफिकेशन उतरवून घ्या. आपल्या भाषेत हाच अभ्यासक्रम. तो छापा आणि वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. शिकवून झालं की खूण करा. पाठ्यपुस्तक जाडजूड असतं, पण प्रश्न येतो स्पेसिफिकेशनमधूनच.

चौथी पायरी: गुण कशाला मिळतात, ते ओळखा

हा भाग जरा सावकाश वाचा. तपासणारा चार गोष्टी शोधतो: माहिती आहे का, ती या कंपनीला लावली आहे का, कारणांची साखळी जोडली आहे का, आणि शेवटी तोलून निर्णय दिला आहे का. वर्गात आम्ही याला एओ (असेसमेंट ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे तपासणीचे निकष) १, २, ३, ४ म्हणतो. आपली मुलं पहिल्यात पैकीच्या पैकी मिळवतात. ग्रेड ठरते उरलेल्या तिघांवर.

उदाहरण देते. समजा लीड्समधली तीन दुकानांची एक छोटी बेकरी आहे. दुकानांतली विक्री घसरते आहे. गियरिंग (दीर्घकालीन भांडवलातला कर्जाचा वाटा) ५८ टक्के, करंट रेशो (जवळच्या देण्यांच्या मानाने हाताशी असलेला पैसा आणि माल) ०.८. प्रश्न असा: घरपोच सेवेसाठी तिने स्वतःच्या दोन व्हॅन घ्याव्यात का?

पहिल्या सत्रात मला येणारं उत्तर साधारण असं असतं: “घरपोच सेवा म्हणजे ग्राहकाच्या घरी माल पोचवणे. त्यामुळे विक्री वाढेल. विक्री वाढली की नफा वाढेल. तोटा असा की व्हॅन महाग असतात. म्हणून फायदे आणि तोटे दोन्ही आहेत.”

यात चूक काहीच नाही. पण बेकरीच्या जागी चपलांचं दुकान घातलं तरी एक शब्द बदलावा लागत नाही. हीच तर अडचण. उत्तर या बेकरीबद्दल नाही. आणि शेवट तर निर्णय टाळून केला आहे.

आधी असंच लिहिणाऱ्या एका मुलीने फेब्रुवारीत लिहिलेलं उत्तर बघा, मी मराठीत सांगते: “बेकरीचं गियरिंग ५८ टक्के आहे, म्हणजे दीर्घकालीन भांडवलातला निम्म्याहून जास्त पैसा कर्जाचा आहे. व्हॅनसाठी आणखी कर्ज काढलं तर दर महिन्याचं व्याज वाढेल. करंट रेशो ०.८ असल्याने जवळची देणी फेडायला आजच पुरेसा पैसा नाही, त्यात हे व्याज आलं तर पिठाच्या पुरवठादाराचं बिल थकेल, आणि त्याने उधारी बंद केली तर चालू दुकानंही अडचणीत येतील. दुसरीकडे, दुकानांतली विक्री घसरते आहे, तेव्हा स्वस्थ बसणंही धोक्याचं आहे. म्हणून माझ्या मते बेकरीने सध्या व्हॅन घेऊ नयेत, एखाद्या डिलिव्हरी कंपनीमार्फत सहा महिने चाचणी घ्यावी. कमिशन जाईल, पण कर्ज वाढणार नाही. दर आठवड्याला ठरावीक ऑर्डर टिकल्या तरच व्हॅनचा विचार करावा.”

दोन आकडे केसमधून उचलले, त्यांना अर्थ दिला, एकातून दुसरं कसं घडेल हे पिठाच्या बिलापर्यंत नेलं, आणि शेवटी बाजू घेतली, तीही अट घालून. परीक्षकाशी वाद घालायची भीती सोडायची. ती मुलगी मला म्हणाली, “मॅम, मला वाटायचं की माझं मत लिहिलं तर उद्धटपणा होईल.” मोठ्यांसमोर मत मांडू नये या वळणात वाढलेल्या मुलांना हे खरंच जड जातं. आईबाबांनी घरी त्यांना सांगायला हवं की इथे मत मांडण्याचेच गुण आहेत.

प्रश्नातला पहिला शब्दही बघायचा. “कॅल्क्युलेट” असेल तर आकडेमोड करून थांबा. “एक्स्प्लेन” आणि “ॲनालाइज” ला कारणांची साखळी हवी, निर्णय नको. “असेस” आणि “इव्हॅल्युएट” ला दोन्ही बाजू आणि निर्णय हवा. १०० गुणांना १२० मिनिटं असतात, म्हणजे एका गुणाला सव्वा मिनिटाहून थोडं कमी. चार गुणांच्या प्रश्नावर पानभर लिहून निबंधाला दहा मिनिटं उरवणारी मुलं माझ्याकडे कमी नाहीत.

पाचवी पायरी: आकड्यांना घाबरू नका, पण आकड्यावर थांबूही नका

एकूण गुणांपैकी किमान १० टक्के गणिती कौशल्याचे असतात. गणित जीसीएसईच्याच पातळीचं असतं: टक्के, सरासरी, गुणोत्तर, आलेख वाचणं. कॅल्क्युलेटर नेता येतो. मी ब्रेक-इव्हन (किती विकलं की ना नफा ना तोटा) शिकवते ते वडापावच्या स्टॉलवरून, कारण गणपतीत किंवा उन्हाळी जत्रेत असा स्टॉल वर्गातल्या कुणी ना कुणी लावलेला असतो.

एक वडापाव ३ पौंडांना. पाव, बटाटा, बेसन, तेल, कागदी डिश असा एका नगाचा बदलता खर्च १.२० पौंड. प्रत्येक वडापावमागे उरले १.८० पौंड, यालाच काँट्रिब्यूशन म्हणायचं. हा अजून नफा नाही. आधी यातून जागेचं भाडं ९० पौंड आणि गॅस-शेगडीचं भाडं ५४ पौंड निघायचं आहे. एक विका नाहीतर हजार विका, हे १४४ पौंड द्यावेच लागतात. १४४ भागिले १.८०, म्हणजे ८०. ऐंशी वडापाव विकले की पदरचं काही जात नाही. एक्याऐंशीव्या वडापावपासून कमाई. दिवसअखेर १३० गेले, तर वरचे ५० गुणिले १.८०, नफा ९० पौंड.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. आता खरा बिझनेसचा प्रश्न: पुढच्या वर्षी भाव ४ पौंड करावा का?

समजा भाव वाढल्यावर विक्री १३० वरून १०४ वर येईल असा अंदाज आहे. भाव ३३.३ टक्के वाढला, मागणी २० टक्के घटली. मागणीतला बदल भागिले भावातला बदल, म्हणजे मागणीची भाव-लवचिकता, उणे ०.६, म्हणजे भावाच्या मानाने गिऱ्हाईक कमी तुटलं. काँट्रिब्यूशन आता २.८० पौंड. १०४ गुणिले २.८० म्हणजे २९१.२० पौंड, त्यातून १४४ वजा, नफा १४७.२० पौंड. नव्वदवरून दीडशेच्या जवळ! बहुतेक मुलं इथे “म्हणून भाव वाढवावा” लिहून पेन ठेवतात.

थांबू नका. १०४ हा अंदाज आहे. तो चुकला तर? जुनाच ९० पौंड नफा टिकवायला ४ पौंडांच्या भावाने किती विकावे लागतील? ९० अधिक १४४, भागिले २.८०: साधारण ८४. म्हणजे विक्री १३० वरून थेट ८४ च्या खाली गेली तरच भाववाढ अंगाशी येईल. एवढी घसरण होईल का? शेजारी दुसरा वडापाववाला ३ पौंडांनीच विकत असेल तर होऊ शकते. जत्रेत आपण एकटेच असू तर कठीण. हे “शेजारी कोण आहे त्यावर अवलंबून” असं कारण देऊन लिहिलेलं वाक्य म्हणजेच वरच्या ग्रेडचं उत्तर. माझ्या वर्गात एकदा एक मुलगा म्हणाला की आजी चार पौंडांना वडापाव विकू देणारच नाही, मंडळात नाव खराब होईल. सगळे हसले. मी फळ्यावर लिहिलं: उद्दिष्ट. सगळ्या धंद्यांचं उद्दिष्ट जास्तीत जास्त नफा हेच नसतं, हा अभ्यासक्रमातला सुरुवातीचाच धडा आहे, आणि आजीने तो एका वाक्यात शिकवला.

याच रीतीने नफा आणि रोख रक्कम यांतला फरक पक्का करा. उधारीवर माल विकला की कागदावर नफा दिसतो, पण पैसे तीन महिन्यांनी येणार असतील तर या महिन्याचे पगार कुठून द्यायचे? चांगल्या चालणाऱ्या कंपन्या इथे बुडतात. ज्या घरात किराणा दुकान होतं, त्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

सहावी पायरी: खऱ्या कंपन्यांची वही ठेवा

वर्षभरात दहा-बारा कंपन्या पुरेत, पण नीट. प्रत्येकीला एक पान: काय विकते, कुणाशी स्पर्धा, कोणता मोठा निर्णय घेतला, परिणाम काय झाला.

मराठी मुलांना मी टाटांपासून सुरुवात करायला सांगते, कारण पिंपरीचा कारखाना घरातल्या कुणीतरी पाहिलेला असतो. टाटांनी २००० मध्ये टेटली चहा घेतला, २००७ मध्ये कोरस ही पोलाद कंपनी, आणि २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना. दुसरी कंपनी विकत घेऊन वाढणं म्हणजे काय, ब्रँड, तंत्र आणि बाजारपेठ एकदम कशी मिळते, हे इथे दिसतं. आणि कोरसच्या पानावर पुढची ओळही लिहा: कोरसबरोबर टाटांकडे आलेल्या, वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्याची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झाली, तिच्या जागी विजेवर चालणारी भट्टी येते आहे. भागधारक, कामगार, गाव, सरकार, पर्यावरण, प्रत्येकाला या निर्णयाचा वेगळा अर्थ लागतो. स्टेकहोल्डर हा शब्द पुस्तकातून पाठ करण्यापेक्षा हे एक पान लिहिलेलं बरं.

दुसरं पान थॉमस कुक या सहल कंपनीचं. १८४१ मध्ये लेस्टर ते लफबरो अशा रेल्वे सहलीपासून सुरू झालेली, आणि २३ सप्टेंबर २०१९ ला बंद पडलेली. दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश पर्यटकांना सरकारने परत आणलं. डोक्यावर कर्जाचा डोंगर, आणि ग्राहक इंटरनेटवर स्वतःच सहली जुळवायला लागलेले. वर गियरिंग म्हणून जो आकडा आला, त्याचा शेवट कसा होऊ शकतो ते इथे कळतं. तिसरं पान जॉन लुईस या दुकानांच्या साखळीचं, जिथे मालकी कर्मचाऱ्यांसाठीच्या ट्रस्टकडे आहे आणि कर्मचाऱ्यांना पार्टनर म्हणतात. चौथं उत्तर इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या विणकरांचं, ज्यांनी १८४४ मध्ये सहकारी दुकान काढलं. साखर कारखाने आणि दूध संघ पाहिलेल्या घरांत सहकाराबद्दल बोलायला भरपूर असतं, ते बोला.

अन्सॉफ, पोर्टर, मॅस्लो, हर्झबर्ग ही व्यवस्थापनाचे सिद्धांत मांडणाऱ्यांची नावं अभ्यासक्रमात येतील. त्यांच्या चौकटी काढता यायला हव्यात, पण उत्तरात नुसती चौकट काढून गुण मिळत नाहीत. “नव्या देशात नवा माल म्हणजे अन्सॉफच्या मते सर्वांत जास्त जोखीम, आणि या कंपनीकडे रोख कमी आहे, म्हणून...” असं ती कामाला लावायची.

सातवी पायरी: आठवडा कसा लावायचा

कॉलेजात एका विषयाचे आठवड्याला साधारण चार-पाच तास होतात. मधले तास मोकळे असतात आणि तिथेच गाडी घसरते, कारण भारतातल्या शाळेसारखं मागे लागणारं कुणी नसतं. तेवढेच तास घरी द्यावे लागतात. माझ्या मुलांना मी सांगते: ज्या दिवशी शिकवलं त्याच दिवशी संज्ञा एका कार्डावर, आठवड्यातून एक जुना प्रश्न घड्याळ लावून, आणि मग बोर्डाची मार्क स्कीम समोर ठेवून स्वतः तपासायचा. परीक्षकांचे अहवालही बोर्डाच्या संकेतस्थळावर मिळतात. मुलं कुठे चुकली ते त्यात साध्या भाषेत लिहिलेलं असतं, आणि ते वाचणारी मुलं फार थोडी.

बाहेर ट्यूशन लावण्याआधी शिक्षकांना ईमेल करा. इथे शिक्षकांना प्रश्न विचारणं म्हणजे मूल मागे पडलंय असं कुणी धरत नाही. आणि आईबाबांनो, तुमचं इंग्रजी कसंही असो, रात्री जेवताना मुलाला विचारा: आज कोणती कंपनी? तिने काय करायला हवं होतं? का? मराठीतच भांडा. मराठीत मुद्दा जुळवता आला की इंग्रजीत उतरवणं उरतं, आणि ते आम्ही शिकवतो.

आठवी पायरी: पुढचं

यूकासचा (विद्यापीठ प्रवेशाच्या केंद्रीय संस्थेचा) अर्ज इयर १३ मध्ये, बहुतेक अभ्यासक्रमांसाठी जानेवारीत. ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी १५ ऑक्टोबर. गुणांच्या हिशोबात ए-स्टारला ५६, ए ला ४८, बी ला ४०, सी ला ३२ असे पॉइंट धरतात, पण पुष्कळ विद्यापीठं पॉइंटऐवजी थेट ग्रेड मागतात. डिग्री अप्रेंटिसशिपमध्ये पगार घेत पदवी होते आणि फी विद्यार्थ्याला भरावी लागत नाही. जागा थोड्या, स्पर्धा मोठी, आणि अर्ज यूकासपेक्षा वेगळा, थेट कंपनीकडे.

नव्याने आलेल्या घरांनी फीचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत ठेवू नये. सिक्स्थ फॉर्म फुकट झाला म्हणून विद्यापीठातही स्थानिक फी लागेल असं समजू नका. इंग्लंडमध्ये होम फी आणि सरकारी स्टुडंट लोन यांसाठी साधारणपणे कोर्स सुरू होताना कायम राहण्याचा हक्क आणि त्याआधी तीन वर्षांचं वास्तव्य लागतं. आईबाबांच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट असलेल्या मुलाला बहुतेक वेळा आंतरराष्ट्रीय फी पडते, आणि अप्रेंटिसशिपलाही वास्तव्याच्या अटी आहेत. इयर १२ च्या वसंतातच कागद काढा: तुमचा व्हिसा केव्हाचा, कायमचा परवाना केव्हा मिळू शकतो, मुलाचा कोर्स केव्हा सुरू होतो. तारखा जुळत नसतील तर विद्यापीठाच्या फी विभागाला ईमेल करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी हा हिशोब वेळेत झाला. तिने एक वर्ष थांबून एका लेखा फर्ममध्ये काम केलं आणि पुढच्या सप्टेंबरला होम फीवर प्रवेश घेतला.